तुलनेचं गाव

डोमाजी नन्नावऱ्यांच्या दाढेचा आकडा तीनशे बारा आला, तेव्हा मंदाकिनी लांजेवारने आधी यंत्रावरच संशय घेतला.

तिने त्यांना पुन्हा खुर्चीत नीट बसवलं, चुंबकाची कमान गालाला टेकवली आणि चार मिनिटं थांबली. तीनशे नऊ. मग पेटीतला प्रमाणित दात काढून यंत्रात ठेवला. त्याचा आकडा शंभर यायला हवा होता, शंभरच आला. यंत्र ठीक होतं.

“झालं का वं बाई?” डोमाजी जबडा चोळत म्हणाले. “गाल बधिर झाला माह्या.”

“झालं, काका. या तुम्ही.”

हिरडमेट्याच्या शाळेच्या याच खोलीत मंदाकिनी चौथीपर्यंत शिकली होती. आता २०४४च्या मार्चमध्ये ती किरणोत्सर्ग आरोग्य मूल्यमापन समितीची तंत्रज्ञ म्हणून इथे आली होती, आणि तीन दिवसांत तिने एकसष्ट गावकऱ्यांचे दात मोजले होते. संध्याकाळी तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली. बायकांचे आकडे साठ, सत्तर, ब्याऐंशी. चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच पुरुषांचे दोनशे चाळीस, दोनशे सत्तर, तीनशे.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, ही शरीरातली विलक्षण वस्तू आहे. रक्त चार महिन्यांत बदलतं, हाडं झिजतात आणि नव्याने भरतात, पण इनॅमल एकदा झालं की झालं. त्याच्या स्फटिकांतून किरणोत्सर्ग गेला की काही इलेक्ट्रॉन जागचे सुटतात, आतल्या फटींत अडकतात आणि हजारो वर्षं तिथेच राहतात. पूर्वी ते मोजायचे तर दात उपटून त्याची पूड करावी लागे. मंदाकिनीच्या यंत्राला तशी गरज नव्हती. चुंबकाच्या कमानीतून ते दातावर मायक्रोवेव्ह लहरी सोडायचं. अडकलेले इलेक्ट्रॉन त्या लहरी शोषून घ्यायचे. जितकं शोषण जास्त, तितका त्या माणसाने जन्मापासून झेललेला किरणोत्सर्ग जास्त. जमिनीतून आणि आकाशातून थोडाफार सगळ्यांनाच मिळतो. पन्नाशीच्या माणसाच्या दातात सत्तर-ऐंशी मिलिग्रे (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) निघाले तर त्यात काळजीचं काही नसतं.

तीनशे मात्र कुठूनतरी यावे लागतात.

विहिरीच्या पाण्यातून म्हणावं तर बायका तेच पाणी पीत होत्या. घराच्या दगडातून म्हणावं तर घरं एकच होती. आणि हिरडमेटा लोहखैरीच्या अणुवीज केंद्रापासून सत्तर किलोमीटर दूर होतं. दूर होतं म्हणून तर ते निवडलं होतं. २०३५ साली लोहखैरीला गळती झाली. आसपासच्या नऊ गावांनी सहा वर्षं अर्जविनंत्या केल्या, तेव्हा कुठे ही समिती नेमली गेली. नऊ गावांतले डोस आणि आजार मोजायचे, एका लांबच्या, निर्धास्त गावातले डोस आणि आजार त्यातून वजा करायचे, आणि उरेल तो लोहखैरीचा परिणाम, असा हिशेब होता. हिरडमेटा हे ते वजा करायचं गाव. आपल्या गावाची निवड झाली याचा मंदाकिनीला अभिमान वाटला होता.

आता तिच्या लक्षात आलं, की वजा करायचा आकडाच फुगलेला असेल तर बाकी काहीच उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डोमाजींना त्यांच्या अंगणात गाठलं. “काका, तुम्ही बाहेर कुठे कामाला गेला होता का? आठ-नऊ वर्षांपूर्वी?”

डोमाजी बकरीच्या गळ्यातली दोरी सोडवत राहिले. “शालिकले विचार ना.”

“माझ्या भावाला? का बरं?”

त्यांची बायको दारातून बोलली, “का म्हणजे? लोहखैरीले नेलं होतं ना त्यानंच. चाळीस माणसं. सात आठवडे.”

“तू गप राय,” डोमाजी म्हणाले, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

*

शालिक लांजेवार गावचा सरपंच होता. मंदाकिनीहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं, नागपूरला शिकायला पाठवलं होतं. ती पोहोचली तेव्हा तो धानाच्या गिरणीत उभा होता. गिरणीच्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

“दादा, पस्तीस साली तू माणसं कुठं नेली होती?”

“पुलाच्या कामाले.”

“कोणता पूल?”

शालिकने तिच्याकडे पाहिलं आणि गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला.

“कोणं सांगतलं तुले?”

“दातांनी सांगतलं. डोमाजीकाकाचा आकडा तीनशेवर आहे. नऊ गावांत कोणाचाच एवढा नाही.”

शालिक पोत्यावर बसला. “धुवायचं काम होतं,” तो म्हणाला. “गळती झाली ना, त्यानंतर. आतल्या भिंती, पाइप, फरशी. फडकी आणि घासण्या. छातीवर लावाले एकेक बिल्ला देत. किती खाल्लं ते त्याच्यात भरे. बिल्ला भरला का माणूस घरी. मंग दुसरा माणूस आणा, त्याले शिकवा. साहेब म्हणे, शालिक, असं तं काम वर्षभर सरणार नाही. बिल्ले जेवणाच्या डब्यात ठेवून आत जा म्हणे. डबे बाहेर शेडात राहत.”

“आणि तू ऐकलं?”

“मुकादम होतो मी. मी सांगतलं, त्यायनं ठेवले. कोणालेच घरी जायचं नव्हतं, मंदे. तुयं कॉलेज त्याच वर्षी होतं.”

“आत काय आहे, माहीत होतं तुले?”

“बिल्ला भरला नाही पाहिजे, एवढं माहीत होतं.”

“चाळीसातले तिघं रक्ताच्या कॅन्सरनं गेले, दादा.”

“चार,” शालिक म्हणाला. “केवळराम नागपूरले जावयाकडं मेला. तुह्या कागदात नसंल तो.”

तिच्या कागदात तो नव्हता. उरलेले तिघे होते, आणि ‘तुलनेच्या गावातील सामान्य प्रमाण’ या रकान्यात होते. म्हणजे लोहखैरीजवळच्या एखाद्या गावात तिघे तसेच गेले, तर ते प्रमाणही सामान्यच ठरणार होतं.

“शाळेत चल,” ती म्हणाली. “तुझाही दात पाहू दे.”

“माह्या तोंडात पाहू नको.” शालिक उठला. गिरणीच्या बटणावर हात ठेवून तो थांबला. “एक इचारू? त्या नोकरीच्या यादीत तुहा नंबर सहावा होता ना? मंग एकाएकी तुलेच काऊन बोलावलं, याचा इचार केला का कधी?”

“म्हणजे?”

“तुले बोलावलं तेव्हा मले आनंद नाही झाला. मले भेव वाटलं. मुकादमाचीच बहीण घेतली म्हटलं, आता ती कोणाले काय सांगंल?”

त्याने बटण दाबलं आणि पुढचं बोलणं गिरणीत दळून गेलं.

*

नागपूरच्या कार्यालयात समितीचं इतिवृत्त कपाटातच असायचं. ते मागायला परवानगी लागत नव्हती. आजवर तिला मागावंसं वाटलं नव्हतं, इतकंच. तिने तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं. तुलनेसाठी आधी गराडी नावाचं गाव ठरलं होतं. अकरा जुलैला लोहखैरी केंद्राच्या वैद्यकीय विभागाचं पत्र आलं आणि गराडीच्या जागी हिरडमेटा आलं. कारण लिहिलं होतं, ‘गराडीचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो.’

मंदाकिनीला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं एकोणीस जुलैला.

ती दोन्ही तारखा कागदावर लिहून डॉ. भास्कर टेंभेकरांच्या खोलीत गेली. टेंभेकर समितीचे मुख्य संख्याशास्त्रज्ञ. यंत्र कसं धरायचं, आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सर, मोजणी मार्चमध्ये ठरली होती. पावसाळ्यातल्या रस्त्याचा संबंध काय?”

“मी त्या वेळी विचारलं नाही,” टेंभेकर म्हणाले. “चूक झाली. आता मी सांगतो ते ऐक. हिरडमेट्याचे आकडे आहेत तसे धरले, तरी नऊ गावांत थोडा फरक उरतो. हिरडमेट्याच्या बायकांचे आकडे कमी आहेत म्हणून उरतो. त्यावर मी एक वाक्य लिहू शकतो, की आरोग्यावरील किंचित परिणाम नाकारता येत नाही. त्या एका वाक्यावर नऊ गावांना दरवर्षी तपासणी मिळेल. मुलांचे गळे थायरॉइडसाठी तपासले जातील.”

“आणि हिरडमेट्याची माणसं?”

“ती त्या वाक्यात बसत नाहीत.”

“मी बैठकीत सांगितलं तर?”

“पहिला प्रश्न येईल तुझ्या भावाचा. दुसरा तुझ्या फॉर्मचा. केंद्राशी नातेवाइकांचा काही संबंध आहे का, या रकान्यात तू काय लिहिलं होतंस?”

“‘नाही’,” मंदाकिनी म्हणाली. लिहिताना तिचा हात अडखळला नव्हता. शालिक त्या वर्षी लोहखैरीच्या बाजूला होता एवढं तिला ठाऊक होतं. पूल कोणता, हे तिने नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“मग तिसऱ्या प्रश्नाची गरजच नाही,” टेंभेकर म्हणाले. “दहाही गावांतल्या तेवीसशे मोजण्या तुझ्या हातच्या आहेत. खोटी माहिती देणाऱ्या तंत्रज्ञाच्या मोजण्या म्हणून सगळ्या बाद होतील. नऊ गावांच्यासुद्धा.”

“सर, मला घेतलं ते यासाठीच का?”

टेंभेकरांनी चष्मा उचलला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “मला माहीत नाही, मंदाकिनी. तुझं काम मात्र चांगलं आहे.”

त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. दोन वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर ती आकडे मांडत आली होती, त्याचा आवाजही आता तिला तपासून घ्यावासा वाटत होता.

ती नऊ गावांच्या वकील कुंदा निखाडे यांना भेटली. कुंदाताई अर्ध्या तासात सगळं समजल्या आणि म्हणाल्या, “आकडे द्या मला. पण बायकांचे राहू द्या. नुसते पुरुषांचे छापू. तीनशे म्हटलं की लोक जागे होतील.”

“बायकांचे आकडे काढले तर पुरुषांचे कशाशी ताडून बघणार, ताई? तेही तेच करतायत, जे नको ते वगळतायत.”

कुंदाताईंनी वही मिटली. “तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?”

हा प्रश्न तिला शालिकनेही विचारला असता. मंदाकिनी आकडे न देताच उठली.

*

समितीच्या बैठकीत ती बोलली. आधी आपल्या फॉर्मवरचं ‘नाही’ खोटं आहे हे सांगितलं, मग भावाचं नाव, मग डब्यातले बिल्ले, मग आकडे. बोलायला सात मिनिटं लागली. पुढचं सगळं टेंभेकरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने झालं. ऊर्जा खात्याच्या सदस्याने मुकादमाचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. बिल्ले डब्यात ठेवायला सांगणारा साहेब कोण, हे कोणी एकदाही विचारलं नाही. अध्यक्षबाईंनी तिच्या प्रामाणिकपणाचे आभार मानले आणि तिला निलंबित केलं. यंत्राला सील लागलं.

अहवाल एप्रिलच्या शेवटी आला. ‘निष्कर्ष काढण्याइतकी विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही.’ टेंभेकरांचं किंचित परिणामाचं वाक्यही गेलं. लोहखैरीजवळच्या एका बाईने मंदाकिनीला फोन करून विचारलं, “तुमाले खरं बोलाचंच होतं तं आमच्या पोरायची तपासणी झाल्यावर बोलता नसतं आलं का?” शालिकने तिचा फोन घेणं बंद केलं होतं.

मेमध्ये कुंदा निखाडेंचाच फोन आला.

“हिरडमेट्यात मोफत दंतचिकित्सा शिबिर लागतंय, तुम्हाला कळलं का? कुठल्याशा ट्रस्टचं आहे. नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. जाहिरात वाचते, ऐका. फक्त चाळीस वर्षांवरील पुरुषांसाठी. किडलेले, हलणारे दात काढून मोफत कवळी.”

आकडे बाद करता येतात, यंत्राला सील लावता येतं. पण डोमाजीकाकांच्या तोंडातले तीनशे बारा अजून डोमाजीकाकांच्या तोंडातच होते.

“ताई, जुन्या पद्धतीने पूड करून मोजणारी प्रयोगशाळा कुठे असेल?”

“शोधली आहे. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात. पंचांसमोर पाकीटबंद केलेला दात हवा आणि सोबत माणसाचं लेखी निवेदन.” कुंदाताई पुढे म्हणाल्या, “आणि बायकांचेही दात जमवू. तुमचं बरोबर होतं.”

*

शिबिराची पांढरी गाडी ग्रामपंचायतीसमोर उभी होती. सकाळी दहालाच वीस-बावीस पुरुष रांगेत होते. मंदाकिनी आणि कुंदाताई दोन पंचांना सोबत घेऊन समोरच्या पारावर पाकिटं मांडून बसल्या.

मंदाकिनी एकेकापाशी जाऊन सांगत होती, “काका, दात काढू नका. काढायचाच असेल तर तो परत मागून घ्या.”

“दुखते तं काढूच ना, बाई,” डोमाजी गालावर हात धरून म्हणाले. “रातभर झोप नाही मले. आणि तू सांगतलं कोणाले, तं काय झालं? आमचं नाव बदनाम झालं. शालिकचं झालं.”

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस होता आणि हात रिकामे होते.

“दात?”

डोमाजींनी गाडीकडे बोट दाखवलं. आत एक तरुण दंतवैद्य बाई लाल झाकणाचा डबा बंद करत होती.

“तो दात यांना परत द्या,” कुंदाताई पायरीवर चढून म्हणाल्या.

“देता येत नाही, मॅडम. जैविक कचरा आहे. सगळे दात मोजून जमा करायच्या सूचना आहेत.”

“मोजून? कचरा मोजून जमा करतात?”

ती मुलगी गोंधळली. तिलाही हे आत्ताच खटकलं असावं. तिने फोन उचलला आणि पाठमोरी होऊन कोणाशी तरी हळू आवाजात बोलू लागली.

तेवढ्यात रांग बाजूला सरली. शालिक आला होता. तो मंदाकिनीच्या पुढून गेला, पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सरपंच म्हणून कोणी त्याला थांबवलं नाही. तो सरळ गाडीत चढला.

“कोणता दुखतोय?” दंतवैद्य बाईने फोन खाली ठेवत विचारलं.

“खालची दाढ. उजवीकडची.”

तिने दिवा ओढून तपासलं. “ही तर चांगली आहे.”

“काढा.”

दार बंद झालं. मंदाकिनी पारावर परत येऊन बसली. ‘माह्या तोंडात पाहू नको’ म्हणणारा माणूस आत काय करतोय ते तिला दिसत होतं. एक दाढ आज, उरलेल्या उद्या-परवा. नंतर मुकादमाने कोणालाही काहीही सांगावं, त्याच्या तोंडात पुरावा नसेल. गुन्हा मात्र बाकीच्यांच्या तोंडांत राहील, आणि त्यांनाही तो घेऊन येईल, एकेकाला, जसं नऊ वर्षांपूर्वी नेलं होतं तसंच. सख्ख्या भावाबद्दल आपण असा विचार करतोय याची तिला लाज वाटली, तरी विचार थांबेना.

वीस मिनिटांनी दार उघडलं. शालिकचा जबडा सुजला होता, ओठाच्या कडेला रक्त होतं. मागून दंतवैद्य बाई म्हणत होती, “अहो, तो डब्यात टाका. मला हिशेब द्यावा लागतो...”

शालिक पारापाशी आला आणि त्याने मूठ उघडली. दाढ अजून ओली होती.

मंदाकिनीने पाकीट पुढे केलं. पाकिटावर छापलेल्या निवेदनात नाव, वय, गाव, कामाचा काळ तिने स्वतः लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘कामाच्या वेळी बिल्ला कुठे होता?’

ती विचारणार तोच शालिकने तिच्या हातातलं पेन घेतलं. तोंडात कापूस असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. तो एक पाय पारावर टेकवून, पाकीट गुडघ्यावर धरून, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर काढत लिहू लागला. ‘डब्यात. सर्वांचे. मुकादम म्हणून मीच सांगितले.’ मग त्याने आणखी एक ओळ लिहिली. त्या ओळीत साहेबाचं पूर्ण नाव आणि हुद्दा होता.

त्याने सही केली. मग गाडीजवळ जाऊन तो डोमाजींच्या शेजारी उभा राहिला आणि लाल झाकणाच्या डब्याकडे बोट दाखवून, दंतवैद्य बाईपुढे हात पसरून थांबला. रांगेतले दोघे त्याच्या मागे येऊन उभे राहिले, मग आणखी चौघे.

तिने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे. मग डबा उघडला.